गंभीर थरारपटाचा ट्रेलर पाहून हसू आले, तर पुढे चित्रपटाचे काय होते?

अर्धविराम (धागाकर्ता)

काही महिन्यांपूर्वी एका थरारपटाचा ट्रेलर मोठ्या पडद्यावर पाहिला. चित्रपटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका चित्रपटापुरता नाही. ट्रेलरमध्ये पावसाळी रात्र होती, रिकामा जिना होता, कोणाच्या तरी धापा टाकण्याचा आवाज होता, एवढे झाल्यावर पडदा काळा झाला आणि तपास अधिकाऱ्याचा खर्जातला आवाज आला, "घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे." त्यापाठोपाठ खुर्च्या हादरवणारा, भोंग्यासारखा एक प्रचंड नाद, मग तीन वेगवेगळ्या माणसांचे दचकलेले चेहरे आणि शेवटी चित्रपटाचे नाव. क्षणभर शांतता पसरली आणि मग अख्खे प्रेक्षागृह खदखदून हसले. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे ते वाक्य समाजमाध्यमांवर इतके फिरले की कोणाला कुठे पोहोचायला उशीर झाला, की तो ते खर्जात म्हणून मोकळा होऊ लागला. त्यानंतर मी चित्रपट पाहिला आणि मला वाईट वाटले, कारण चित्रपट चांगला आहे. तो सावकाश चालतो, परंतु रेंगाळत नाही. पहिला दीड तास एका माणसाच्या साक्षीवर उभा आहे, ती साक्ष खोटी ठरवणारा एकमेव पुरावा म्हणजे भिंतीवरचे ते घड्याळ, आणि अधिकारी ते वाक्य जवळजवळ स्वतःशीच पुटपुटतो तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा यावा अशी सगळी बांधणी केलेली आहे. तो काटा आला नाही. घड्याळ पडद्यावर पहिल्यांदा दिसले तेव्हाच इकडेतिकडे खसखस पिकली होती, आणि वाक्य आले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी तोंडाने भोंग्याचा आवाज काढला.

तेव्हापासून दोन गोष्टी मनात घोळत आहेत. ट्रेलर चित्रपटातल्याच दृश्यांचा बनलेला असतो. मग जे तिथे गंभीर आहे ते इथे हास्यास्पद नेमके कशामुळे होते? आणि दुसरे म्हणजे, हे हसू चित्रपटाला इतके का बाधावे? प्रेक्षक काही दगड नव्हे. ट्रेलरला हसलेला माणूस दिवे मालवल्यावर पुन्हा गंभीर का होऊ शकत नाही?

कात्री_आणि_डिंक

ट्रेलर कापणे हा काही वर्षे माझा पोटापाण्याचा उद्योग होता, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातूनच उत्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ट्रेलर चित्रपटातल्याच दृश्यांचा असतो हे खरे, परंतु तो पुष्कळदा चित्रपट पूर्ण होण्याआधी बनतो आणि चित्रपटाचा संकलक तो बनवतोच असे नाही. प्रसिद्धीसाठी नेमलेल्या वेगळ्या चमूकडे कच्चे चित्रण येते. पार्श्वसंगीत अजून झालेले नसते, म्हणून तयार मिळणारे संगीत लावले जाते. हे काम वेगळ्या हातांनी करण्याची रीत जुनी आहे; अमेरिकेत केवळ ट्रेलर बनवून पुरवणारी 'नॅशनल स्क्रीन सर्व्हिस' ही कंपनी १९१९ सालीच निघाली होती. त्यामुळे जी लय दिग्दर्शकाने दीड तास जपलेली असते, ती ट्रेलर कापणाऱ्याने कित्येकदा अनुभवलेलीच नसते. त्याच्या हाती तुकडे असतात आणि त्या तुकड्यांतून 'वजनदार' वाटणारी वाक्ये त्याला वेचायची असतात.

आता वजनदार वाक्य म्हणजे काय? थरारपटात ज्या वाक्याला सर्वांत जास्त वजन असते, ते बहुधा अगदी साधे असते. "घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे" हे वाक्य शब्दांनी जड नाही. त्याआधीच्या दीड तासाने ते जड झाले आहे. आम्ही ते वाक्य उचलतो आणि तो दीड तास मागेच राहतो. मग वाक्य हलके पडते आहे हे आमच्याही लक्षात येते, म्हणून आम्ही त्याच्या शेपटीला तो भोंगा बांधतो. गंमत अशी की भोंग्याने वाक्य जड होत नाही, फक्त दोघांमधली तफावत मोठी होते, आणि हसू येते ते त्या तफावतीचे. वाक्य नुसते, कोरडे, कोणत्याही नादाशिवाय ठेवले असते तर कदाचित एखाद्याच्या मनात 'म्हणजे काय बुवा?' एवढा प्रश्न तरी उरला असता. थरारपटाच्या ट्रेलरला तेवढा प्रश्न पुरतो.

तीन चेहऱ्यांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाला अगदी सुरुवातीलाच सांगितला जातो: अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी ठेवला की शोकाकुल वाटतो. चेहऱ्याचा अर्थ चेहऱ्यात नसतो, शेजारात असतो. आपण सांगता त्या ट्रेलरमध्ये दचकलेल्या तीन चेहऱ्यांचा शेजारी कोण आहे? एक घड्याळ, आणि तेही अवघे पाच मिनिटे पुढे असलेले. ते तिघे चित्रपटात तीन निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या कारणांनी दचकले असणार. ट्रेलरने त्या सर्वांना घड्याळाला घाबरायला लावले. शेजार बदलण्याची ताकद किती असते हे पाहायचे असेल तर २००५ साली एका संकलकाने केलेला खेळ आठवा: 'द शायनिंग' या १९८० सालच्या भयपटातील दृश्ये, वर एक आनंदी निवेदन आणि एक प्रसन्न गाणे एवढ्या सामग्रीवर त्याने जिव्हाळ्याच्या कौटुंबिक चित्रपटाचा बनावट ट्रेलर तयार केला होता. त्याने जे जाणूनबुजून केले, ते आमच्या हातून अनवधानाने होते.

आणखी एक धंद्यातले गुपित सांगतो. भीतीची आणि विनोदाची चाल एकच आहे: तयारी, थांबा, तडाखा. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात, आणि तो थांबा आठ-दहा चौकटींनी लांबला तर दचकवणारा क्षण किस्सा सांगणाऱ्याच्या विरामासारखा वाटू लागतो. आपण लिहिले आहे की क्षणभर शांतता पसरली आणि मग लोक हसले. माझा अंदाज आहे की ती शांतता ट्रेलरमध्येच कापलेली होती आणि ती काही चौकटींनी जास्त होती. लोकांना हसायला आम्हीच जागा करून दिली.

भोंग्याविषयीही थोडे. २०१० साली 'इन्सेप्शन'च्या प्रसिद्धीत तो नाद गाजला आणि मग जगभरातल्या ट्रेलरांत शिरला. त्याच वर्षीच्या 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरमध्ये एक जुने लोकप्रिय गाणे वृंदगायनातून, संथ लयीत ऐकू आले आणि तेव्हापासून आनंदी गाणे रडक्या चालीत गाऊन घेण्याची साथच पसरली. दोन्ही गोष्टी पहिल्यांदा ऐकताना अंगावर आल्या होत्या. परंतु ट्रेलरमधली कोणतीही युक्ती चित्रपटापेक्षा फार लवकर शिळी होते, कारण ती दर आठवड्याला दहा ठिकाणी ऐकू येते. डॉन लाफॉन्टेन यांच्या खर्जातल्या आवाजाने हजारो ट्रेलर गाजवले, पण 'एका अशा जगात...' ही त्यांची सुरुवात इतकी गुळगुळीत झाली की पुढे एका जाहिरातीत त्यांनी स्वतःच तिची थट्टा केली. शिळी युक्ती गंभीर चेहऱ्याने वापरली, की विडंबन करायला वेगळा विडंबनकार लागत नाही.

मागची_रांग

(भोंग्याचा आवाज काढणारा तो मी नव्हे, हे आधी स्पष्ट करतो.)

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात चित्रपटाला फार सहज निर्दोष सोडले आहे असे वाटते. ज्या वाक्याला दीड तासाचा टेकू लागतो, ते वाक्य मुळातच अधू असेल अशी शक्यता कोणी का विचारात घेत नाही? ट्रेलर म्हणजे चित्रपटाच्या अंगावरून झगा काढून घेणारा माणूस आहे. आत जे आहे तेच दिसते. शिवाय हसू म्हणजे नुकसान हे गृहीतही मला मान्य नाही. 'मेगन'चा ट्रेलर २०२२ साली आला तेव्हा त्यातल्या बाहुलीच्या नाचावर जग हसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले. ज्याची चर्चाच होत नाही त्या थरारपटापेक्षा ज्याची टिंगल होते तो बरा.

रसिकेतर

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे हजारएक वर्षांपासून लिहिलेले आहे, फक्त ते ट्रेलरविषयी आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

भरताच्या नाट्यशास्त्रानुसार विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (म्हणजे मुख्य भावनेच्या ओघात येऊन-जाऊन राहणाऱ्या क्षणिक भावना) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. विभाव म्हणजे भावनेचे कारण: ज्याची भीती वाटते ती वस्तू आणि ती जिथे भेटते ती परिस्थिती. अनुभाव म्हणजे त्या भावनेचे अंगावर उमटलेले रूप: थरथर, घाम, विस्फारलेले डोळे. आता आपण वर्णन केलेला ट्रेलर पाहा. त्यात अनुभावांची रेलचेल आहे आणि विभाव जवळजवळ नाही. धाप आहे, पण कोणापासून पळाल्याची हे नाही. दचकणे आहे, पण कशाने हे नाही. आणि कारण म्हणून जे एकच पुढे केले आहे ते घड्याळ अनुभावाच्या मानाने इतके किरकोळ आहे की मन ते कारण म्हणून स्वीकारत नाही. कारणाशिवाय थरथरणारा माणूस पाहून भय उत्पन्न होत नाही. एक तर कुतूहल उत्पन्न होते, नाही तर हसू.

काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले आहे की अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही. त्याचा भाष्यकार अभिनवगुप्त याहून पुढे जातो. कोणत्याही रसाचा नुसता आभास निर्माण झाला, की त्याची परिणती हास्यात होते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याने दिलेले उदाहरण सीतेविषयीच्या रावणाच्या प्रेमाचे आहे. रावण आपल्या परीने पूर्ण गंभीर आहे, त्याची तळमळ खोटी नाही. परंतु तिला दुसऱ्या बाजूने काहीच प्रतिसाद नाही हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो शृंगार न राहता शृंगाराभास होतो आणि आपल्याला हसू येते. आपण ज्याला 'अभावित विनोद' म्हणतो, त्याची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही. करणारा गंभीर असल्याशिवाय हे हसू येतच नाही.

म्हणूनच श्री. मागची_रांग यांच्याशी मी सहमत नाही. वाक्याला दीड तासाचा टेकू लागतो हा वाक्याचा अधूपणा नव्हे. थरारपट नावाचा प्रकारच मुळी त्यावर उभा आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले तर टेबलाभोवतीच्या निरर्थक गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात, हे थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत समजावून सांगितले होते. त्या गप्पांतले एखादे वाक्य वेगळे काढून दाखवा. ते अधूच दिसेल.

'मेगन'चे उदाहरणही इथे लागू पडत नाही, कारण तो चित्रपट स्वतःच अर्धा विनोदी आहे; ट्रेलरमधल्या हसण्याशी त्याचा करार होता. करार नसताना काय होते ते 'स्नेक्स ऑन अ प्लेन'ने २००६ साली पाहिले. तिथे हसू ट्रेलरच्याही आधी, नावापासूनच सुरू झाले. आंतरजालावर महिनोन्महिने इतकी धमाल झाली की निर्मात्यांनी त्या चाहत्यांना रुचतील अशी काही दृश्ये नव्याने चित्रित करून घेतली, आणि एवढे करूनही पहिल्या आठवड्याअखेरची कमाई सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे गाजावाजाच्या मानाने निराशाजनकच ठरली. विनोद फुकटात उपभोगून झाला होता. तिकीट काढून पाहण्यासारखे काय उरले होते?

जुने_रीळ

एक पुरवणी. हेतुपूर्वक केलेला विनोद थरारपटाला बाधत नाही याचा दाखला 'सायको'च्या १९६० सालच्या ट्रेलरमध्ये आहे. सहा मिनिटांहून अधिक काळ हिचकॉक स्वतः त्या घरातून आणि मोटेलातून घरे दाखवणाऱ्या दलालाच्या थाटात फिरतो, खुनाच्या जागा दाखवताना शब्द गिळतो, मिस्कील चेहरा करतो. प्रेक्षक हसतात. परंतु त्यात चित्रपटातले एकही दृश्य नाही. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकवल्यावर किंचाळणारी स्त्रीदेखील त्या प्रसंगातली अभिनेत्री नाही. हसू हिचकॉकच्या खात्यावर जमा झाले आणि चित्रपटातली भीती कोरीच राहिली. धागाकर्त्याच्या चित्रपटात याच्या नेमके उलट घडले आहे: हसू थेट एका वाक्याला, एका वस्तूला चिकटले, आणि तीच वस्तू चित्रपटाच्या वर्मस्थानी आहे.

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विभाव आणि अनुभाव यांची मांडणी वाचल्यावर तो ट्रेलर पुन्हा पाहिला आणि आता त्याला हसूही येईना, इतका तो उघडा पडला.

'हसू वस्तूला चिकटते' हे श्री. जुने_रीळ यांचे निरीक्षण माझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. मी चित्रपट पाहत असताना पहिल्या वीस मिनिटांत खरोखरच गुंतलो होतो. मग घड्याळ दिसले, आणि त्या क्षणापासून मी दोन गोष्टी एकदम करू लागलो: एकीकडे कथा पाहत होतो आणि दुसरीकडे वाक्याची वाट पाहत होतो. थरारपटात वाट पाहणे चांगलेच असते, परंतु ती 'आता काय होईल' अशी असावी लागते. माझी वाट 'आता कधी होईल' अशी होती. शिवाय मी एकटा नव्हतो. घरी एकट्याने पाहिला असता तर कदाचित सावरलो असतो. दोनशे माणसे एकाच हशाची वाट पाहत बसली आहेत हे जाणवत असताना गंभीर राहणे म्हणजे वर्गात एकाला हसू फुटल्यावर बाकाखाली तोंड लपवण्यासारखे आहे.

श्री. मागची_रांग यांच्या आक्षेपात एक कण खरा आहे हेही मान्य केले पाहिजे. चित्रपटातही त्या वाक्यानंतर एक नाद आहे, फक्त तो पुष्कळ हळू आहे. दिग्दर्शकाला त्या जागी आधाराची गरज वाटली, याचा अर्थ त्याचाही वाक्यावर पुरता विश्वास नव्हता.

श्री. कात्री_आणि_डिंक यांना एवढेच विचारायचे आहे: असा ट्रेलर एकदा बाहेर पडल्यावर काही दुरुस्ती करता येते का? दुसरा ट्रेलर काढून उपयोग होतो का?

मागची_रांग

नादाचा मुद्दा मान्य केल्याबद्दल आभारी आहे. रावणाच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून ते नंतर कधीतरी.

कात्री_आणि_डिंक

दुसऱ्या ट्रेलरचा उपयोग होतो, परंतु त्यासाठी चित्रपट लागायला पुरेसे आठवडे हाती हवेत आणि निर्मात्याला चूक मान्य हवी. पहिली अडचण वेळेची असते, दुसरी स्वभावाची. हजारो लोक ट्रेलर पाहत आहेत हा आकडा समोर असताना ते कशासाठी पाहत आहेत हे सांगणाऱ्या माणसाला बैठकीत कोणी फारसे बोलू देत नाही. दुसरा ट्रेलर काढलाच, तर त्यात हसलेले वाक्य नुसते गाळून भागत नाही. लोक ते शोधतात. त्यापेक्षा त्या वाक्याला त्याचे कारण परत द्यावे. तुमच्या उदाहरणात मी संपूर्ण दुसरा ट्रेलर त्या साक्षीवर बेतला असता: एक माणूस शांतपणे सांगतो आहे की अमुक वाजता मी अमुक ठिकाणी होतो, त्याचे बोलणे संपूर्ण पटते आहे, आणि त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. अधिकाऱ्याने काहीही बोलायचे नाही. ज्यांनी पहिला ट्रेलर पाहिला आहे त्यांना वाक्य ठाऊकच आहे. ते त्यांनी मनात म्हणावे आणि म्हणता म्हणता त्याचा अर्थ लागून गप्प व्हावे. हे साधेलच असे नाही. पण हशाला प्रतिहल्ला करण्यापेक्षा हे बरे.

जे अजिबात करू नये ते मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. आम्ही कापलेल्या एका ट्रेलरमध्ये अधिकारी मृतदेहाकडे पाहून फार सावकाश चष्मा काढतो, असे दृश्य होते. चित्रपटात ते ठीक होते, कारण त्या माणसाला चष्म्याशिवाय जवळजवळ काही दिसत नाही हे तोवर प्रेक्षकाला कळलेले असते. त्याला समोरचे पाहायचे नाही, म्हणून तो चष्मा काढतो. ट्रेलरमध्ये मात्र तो एक ऐटबाज पोलीस दिसला आणि चष्मा काढणारी माणसे आठवडाभर सगळीकडे दिसू लागली. निर्माते घाबरले आणि त्यांनी दिग्दर्शकाच्या विरोधाला न जुमानता चित्रपटातूनच ते दृश्य काढायला लावले. पुनर्चित्रणाला वेळ नव्हता, म्हणून फक्त ते सात सेकंद गेले.

प्रदर्शनाआधीच्या खेळाला मी मागे उभा होतो. मृतदेहाचा प्रसंग आला, अधिकारी डोळ्यांवर चष्मा घालून खाली वाकला, आणि पुढच्याच दृश्यात तो सरळ उभा राहिला तेव्हा चष्मा त्याच्या हातात होता. एवढा मोठा हशा त्या ट्रेलरलाही मिळाला नव्हता.